त्रिकोणाला कुणी खेळायला घेत नाही

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं ड्राफ्ट्समन होतो. टी-स्क्वेअर, गुण्या आणि कोनमापकाच्या संगतीत केस पांढरे केले. त्यामुळे नातीच्या शाळेच्या ग्रुपवर ‘या आठवड्यात गोष्टी व खेळांतून मुलांना आकारांची ओळख करून द्यावी व शनिवारी एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवावा’ असा निरोप आला, तेव्हा घरातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. “एका संध्याकाळचं काम,” मी म्हणालो. हे वाक्य सौ.ने मला पुढे आठवडाभर चहाबरोबर दिलं.

रेवा साडेतीन वर्षांची आहे. सोमवारी मी पुठ्ठ्याचे त्रिकोण, चौरस आणि वर्तुळ असे कापले, की आमच्या जुन्या साहेबांनी पट्टी लावूनही खोट काढली नसती. रेवाने वर्तुळ डोक्यावर ठेवलं, चौरसावर पाय पुसले आणि त्रिकोणाच्या टोकाने पाठ खाजवली. उपयोग कळले, नावं राहिली.

मंगळवारी नावं घेतली. चौरस सरळ धरला. “चौकोन!” वा. तोच जरा फिरवून टोकावर धरला. “शंकरपाळी!” पुन्हा सरळ केला. “चौकोन.” पुन्हा फिरवला. “शंकरपाळी.”

“अगं, तोच आहे हा!”

“मग तू वाकडा का धरतोस, आबा?”

त्रिकोण टोकावर उभा केला, तर ती घाबरून मागे सरकली. “खाली ठेव, पडेल तो!”

रात्री मोबाइलवर शोधाशोध केली. पिएर आणि डिना व्हान हिले या डच नवरा-बायकोने १९५७ सालीच हा घोळ मांडून ठेवलाय. मूल आधी आकाराचं एकूण रूप बघतं, बाजू आणि कोन बघण्याची पायरी नंतरची. दरवाजासारखा दिसतो म्हणून तो आयत. वाचून बरं वाटलं. नवरा-बायकोचं भूमितीवर एकमत होऊ शकतं, याचं जास्त.

बुधवारी खेळ. चौकोनी बिस्किट घेतलं. कोपरे मोजले, चार. “आता एक कोपरा खा. किती राहिले?” माझ्या डोक्यात वजाबाकी होती. रेवाने उंदरासारखा नेमका एक कोपरा कातरला आणि बोट ठेवून मोजलं. “पाच.” मी चष्मा लावून मोजले. पाचच! एक कोपरा छाटला की त्या जागी दोन तयार होतात. जन्मभर हेच ड्रॉइंगमध्ये काढत आलो आणि साडेतीन वर्षांच्या पोरीपुढे तोंड उघडं पडलं. तिला मात्र खाल्ल्याने वाढणारी वस्तू सापडली. ती कोपरे वाढवत सुटली. चौथ्या बिस्किटाला सूनबाई ऑफिसातून आली. “बाबा, ती आता जेवणार नाही,” एवढंच म्हणाली. पण म्हणण्याची पद्धत असते.

“अहो, शिकवू नका, नुसतं खेळा तिच्याशी,” सौ. म्हणाली. ती लग्नाआधी बालवाडीत शिकवायची, त्यामुळे घरात काही बिनसलं की ताराबाई मोडकांचं नाव निघतं. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला, तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातच, बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे त्या आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. महागडी साधनं कुठून आणणार? पानं, बिया, शिंपले यांवरच पोरं शिकली. एवढं सांगून सौ.ने फरशीवर खडूने आकार काढले आणि डब्यातले चिंचोके ओतले. रेवा अर्धा तास रेषेवर चिंचोके मांडत बसली. अर्धा तास! मी पेपर वाचून काढला. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण निरोपात ‘गोष्ट’ होती आणि मला चेव आला होता. गुरुवारी रात्री सुरुवात केली. “गोल, चौकोन आणि त्रिकोण येऊरला सहलीला निघाले.”

“डबा घेतला?”

“घेतला. चढावर गोल घसरला तो गडगडत गडगडत थेट उपवन तलावापाशी. चौकोन मध्येच बसला. कितीही ढकला, हलेना.”

“त्याला शू लागली असेल.”

“असेल. मग त्रिकोण आला गोलाला वर ढकलायला, तर त्याचं टोक गोलाला टोचलं. गोल रुसला. म्हणाला, आम्ही नाही तुला खेळायला घेत.”

इथे मला विनोद करायचा होता. रेवाचा खालचा ओठ बाहेर आला. “त्याने मुद्दाम नव्हतं टोचलं,” ती म्हणाली आणि भोकाड पसरलं. अकरा वाजता चिरंजीव उठून आले. त्रिकोणाला खेळायला घेतलंय, पहिला नंबरही दिलाय, असं तिघांनी शपथेवर सांगितल्यावर ती झोपली.

शुक्रवारी सकाळी चिरंजीवांनी तिरकं कापलेलं सँडविच तोंडात घातलं आणि घरात किंकाळी उठली. “बाबाने त्रिकोण खाल्ला!” तेव्हापासून आमच्याकडे सँडविच उभं कापतात.

जर्मनीच्या फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांसाठी शाळा काढली आणि खेळायला लाकडी गोल, दंडगोल आणि घन दिले. त्याच्या समाधीवरही हेच तीन आकार एकावर एक रचलेले आहेत. त्रिकोण तिथेही नाही. हे मी रेवाला सांगितलेलं नाही.

शाळेच्या वाटेवर ‘पुढे शाळा आहे’ची लाल काठाची पाटी लागते. धोक्याच्या सूचनेच्या पाट्या त्रिकोणी असतात, हे मी तिला सांगणार, तोच रेवाने हात हलवला. “त्रिकोण, ये हां खेळायला!” पुढे दुकानात हँगर. त्यालाही निमंत्रण. मग राम मारुती रोडला वळलो आणि माझ्या पोटात गोळा आला. कसल्याशा उत्सवाच्या पताका या टोकापासून त्या टोकापर्यंत लागल्या होत्या. प्रत्येक पताका टोक खाली करून लटकत होती. मंगळवारी पडायला आलेला त्रिकोण आता कसाही टांगला तरी तिला ओळखू येत होता. एकालाही वगळून चालणार नव्हतं. कालच त्याला खेळातून काढलं होतं ना?

अठ्ठावीस पताकांपर्यंत मी मोजलं. शाळेचं फाटक बंद झालं होतं.

शनिवारी व्हिडिओ. सूनबाईने मोबाइल धरला, मी पुठ्ठ्याचा त्रिकोण धरला. “सांग रेवा, हा कोण?”

“आधी तू सांग.”

“अगं, तू सांगायचंय.”

“तुला येत नाही?”

एक मिनिट संपत आलं. “त्रिकोण,” मी म्हणालो.

“शाब्बास आबा!” रेवाने टाळ्या वाजवल्या. सूनबाईने तेच पाठवून दिलं.

संध्याकाळी बाईंचं उत्तर आलं. शाबासकीची मोठी सोनेरी चांदणी आणि खाली, ‘आबांसाठी’. रेवाने स्क्रीनवर बोट ठेवलं. “आबा, हिला कोपरे किती?”

“पाच,” मी म्हणालो. मग आतले दिसले.