बक्षिसाच्या रकमेचं राहूनच गेलं

स्क्वॉशपटू दीपिका पल्लीकलवरचा तुमचा लेख चांगला आहे, पण तिची ओळख ‘दिनेश कार्तिकची बायको’ अशी करून दिलीत, ते खटकलं. आणि तिच्या खऱ्या भांडणाबद्दल चकार शब्द नाही! राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांएवढं बक्षीस बायकांना मिळेना, म्हणून २०१२ ते २०१५ ही तिथे खेळलीच नाही. तेही ऐन भरात असताना. रक्कम सारखी झाली तेव्हाच, २०१६ला परतली.

ऑक्टोबर २०२१मध्ये जुळी मुलं झाली, आणि एप्रिलमध्ये ग्लासगोला जागतिक दुहेरीची दोन सुवर्णं एकाच दिवशी: सौरव घोषालबरोबर मिश्र, जोशना चिनप्पाबरोबर महिला. (रात्रीची झोप कधी घेत होती कोण जाणे!) बाकी जोशनावरही लिहा हो कधीतरी.