त्या तक्त्यात आई कुठे आहे?

ताई, तुमची प्रतिक्रिया रविवारी सकाळी वाचली. शेव-उसळ आणायला पायात चपला घालून निघालो होतो, तो तसाच खुर्चीत बसलो. घरच्यांना त्या दिवशी पोह्यांवर भागवावं लागलं.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी बडोद्याच्या कडेची, रासायनिक कारखान्याच्या भिंतीला लागून असलेली एक काल्पनिक गल्ली घेतली होती. कारखान्याने नवा स्क्रबर, म्हणजे धुरातला आम्लवायू धुऊन काढणारं यंत्र, बसवला तर खर्च किती आणि गल्लीला फायदा किती, असा तक्ता मांडला होता. उत्तर निघालं : जेमतेम तोट्यात. त्यावर बडोद्यातल्याच गोरव्याहून या ताईंनी लिहिलं की माणसाच्या श्वासाला रुपये लावणं हाच मुळात अपमान आहे. असल्या हिशेबाच्या मॉडेलमधून मालकाला हवं ते उत्तर काढता येतं. दंड ठरवायला कोर्ट बसलेलं आहे, तुमच्या तक्त्यांची गरज काय? आणि शेवटी : "माझी आई बावीस वर्षं त्या वासात स्वयंपाक करते आहे. ती तुमच्या तक्त्यात कुठे आहे?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे माझी चूक आहे. तुमची आई त्या तक्त्यात नाही.

मी हिशेब धरला होता बुडालेल्या मजुरीचा. माणूस आजारी पडला, इतके दिवस कामावर गेला नाही, इतका रोज बुडाला. अकाली गेला तर उरलेल्या वर्षांची कमाई गेली. ही पद्धत जुनी आहे, सोपी आहे, आकडे हाताशी असतात. पण जिला पगारच नाही तिचा रोज बुडणार कुठून? घर सांभाळणारी बाई, निवृत्त म्हातारा, पाळण्यातलं पोर, सगळ्यांच्या नावापुढे शून्य. आणि दिवसभर त्या गल्लीत असतं कोण? हीच माणसं. कमावता माणूस सकाळी मकरपुऱ्याला कामावर जातो तो संध्याकाळी परततो. म्हणजे जो सर्वांत कमी वेळ ती हवा घेतो, त्याचीच छाती मी मोजली. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. निदान कोणती पद्धत वापरली ते तक्त्याखाली लिहायला हवं होतं, तेही मी केलं नाही.

दुसरी पद्धत आहे, आणि तिच्या नावामुळेच गैरसमज होतात : 'सांख्यिकी आयुष्याचं मूल्य'. नाव ऐकून वाटतं की कुणीतरी माणसाच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी अडकवतंय. तसं ते नाही. समजा, दहा हजार लोकांच्या वस्तीत दरवर्षी एक जास्तीचा मृत्यू होतो, कुणाचा ते आधी कुणालाच ठाऊक नसतं. तो धोका घालवायला प्रत्येक माणूस स्वतःच्या खिशातून वर्षाला पाचशे रुपये द्यायला तयार असेल, तर वस्तीचे पन्नास लाख झाले. हे पन्नास लाख त्या एका जिवाची किंमत नव्हे. दहा हजार जणांनी आपापल्या चिमूटभर धोक्याला दिलेल्या किमतीची ती बेरीज आहे. यात तुमच्या आईचे पाचशे आणि कारखान्याच्या मॅनेजरचे पाचशे सारखेच धरता येतात.

फरक केवढा पडतो ते बघा. जागतिक बँकेने 2016 साली हवाप्रदूषणाच्या किमतीचा अहवाल काढला. त्यात भारताचं 2013 या एका वर्षाचं नुकसान दोन रीतींनी काढलंय. बुडालेल्या कमाईच्या रीतीने सुमारे 5,500 कोटी डॉलर, धोक्याच्या मूल्याच्या रीतीने सुमारे 50,500 कोटी डॉलर. देश तोच, वर्ष तेच, मृत्यू तेच, नि आकडा नऊपट.

आता तुम्ही म्हणाल, हेच तर मी म्हणत होते, हवं ते उत्तर काढता येतं! अर्धं मान्य. चावी कुठे फिरवायची हे ज्याला कळतं तो आकडा फुगवतो नि आवळतोही. दुसऱ्या पद्धतीतही फट आहेच. अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था एका सांख्यिकी आयुष्याला 2006 च्या भावाने 74 लाख डॉलर धरत आली आहे. दिल्लीत रस्ते अपघाताच्या धोक्याबद्दल लोकांना प्रत्यक्ष विचारून केलेला एक अभ्यास 2007 साली आला, त्यात आकडा निघाला सुमारे 13 लाख रुपये. आपल्याकडचे बरेच अहवाल तिकडचा आकडा घेतात, इथल्या उत्पन्नाच्या प्रमाणात कापतात आणि वापरतात. कपडा तिकडचा, माप इथलं. कुठे कापला हे लिहिलेलं असेल तर वाचणारा भांडू तरी शकतो.

व्याजाच्या दराचंही तसंच. भूजलात उतरलेलं रसायन आज नाही, वीस-तीस वर्षांनी त्रास देतं. तीस वर्षांनी होणाऱ्या दहा लाखांच्या नुकसानीची आजची किंमत, म्हणजे आज किती ठेवले तर तेव्हा दहा लाख होतील, ती वर्षाला 3 टक्के दराने काढली तर सुमारे 4 लाख 12 हजार येते. 10 टक्क्यांनी काढली तर 57 हजार. दर कोण ठरवतो? बहुतेक वेळा ज्याला कर्ज काढून यंत्र घ्यायचंय तो, बँकेच्या दराने. नातवाच्या विहिरीला आजोबांच्या कर्जाचा दर लागतो.

पण 'म्हणून आकडाच नको' इथे मी तुमच्यासोबत येणार नाही, आणि त्याचं कारण पुस्तकी नाही. मी नोकरीत असताना, कारखान्याचं नाव राहू दे, अशाच एका स्क्रबरची फाइल माझ्या टेबलावरून गेली. खर्चाच्या रकान्यात पुरवठादाराचं कोटेशन होतं. टाकी, पंप, पॅकिंग, कॉस्टिक सोड्याचा महिन्याचा खप, वीज, सगळं पैशापर्यंत. फायद्याच्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : 'परिसरातील नागरिकांना दिलासा'. साहेबांचं बोट खर्चाच्या बेरजेवरून घसरलं, दिलाशावरून तसंच पुढे गेलं आणि पान उलटलं गेलं. तो रकाना रिकामा नव्हता, पण वाचला गेला शून्य म्हणूनच.

भिंतीपलीकडे एक मावशी राहायच्या. त्यांच्या छपराच्या पत्र्याला हात लावला की बोटाला तांबूस भुकटी लागायची. आतून बघितलं तर उन्हाचे कवडसे मोजता यायचे. दोन गल्ल्या सोडून तेच पत्रे वर्षानुवर्षं टिकत, मावशींना मात्र दर तीन-चार पावसाळ्यांनी नवे घालावे लागत. पुढच्या फाइलला मी भिंतीकडेच्या घरांचे पत्रे मोजले, बाजारभाव लावला, सुताराची मजुरी धरली. छातीचं काहीच धरलं नाही, तेवढी हिंमत नव्हती. नुसते पत्रे. या खेपेला साहेबांनी विचारलं, "हे किती वर्षांचं आहे?" स्क्रबर लगेच आला असं नाही, सिनेमात येतो तसा. पण प्रश्न विचारला गेला, एवढं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

रकान्यात काय बसलं नि काय राहिलं यावर मोठमोठे खटलेही फिरलेत. अमेरिकेत वीजकेंद्रांतून निघणाऱ्या पाऱ्यावरच्या नियमाचा खर्च वर्षाला 960 कोटी डॉलर धरला होता आणि पारा घटल्याचा थेट फायदा फक्त 40 ते 60 लाख डॉलर. हसू येईल असा आकडा. का, तर रुपयांत, म्हणजे डॉलरांत, बसवता आली ती एकच गोष्ट : हौसेने गोड्या पाण्यातले मासे धरून खाणाऱ्या घरांतल्या मुलांची घटणारी बुद्धी. समुद्राचे मासे खाणारे, हृदयाचे रोगी, सगळे बाहेर. त्याच यंत्रांनी बारीक धूळही अडते, तिचा फायदा मात्र 3,600 ते 8,900 कोटी डॉलर निघत होता. 2015 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नियम करायचा की नाही हे ठरवतानाच खर्च विचारात घ्यायला हवा होता. पुढली अनेक वर्षं वाद चालला तो धुळीचा फायदा पाऱ्याच्या खात्यात धरायचा की नाही यावर.

दंडाचं म्हणाल तर दंडसुद्धा मॉडेलच आहे, ताई. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं पर्यावरण भरपाईचं सूत्र म्हणजे पाच आकड्यांचा गुणाकार : प्रदूषणाचा निर्देशांक, दिवस, रुपयांचा गुणक, कारखान्याचा आकार, शहराची लोकसंख्या. लाल, म्हणजे सर्वांत प्रदूषक गटातला लहान कारखाना घ्या, बडोद्याएवढ्या शहरातला, आणि दिवस एकच धरा. 80 गुणिले 250 गुणिले 0.5 गुणिले 1.25. दिवसाचे साडेबारा हजार. भिंतीपलीकडे चार घरं आहेत की चारशे, वारा कुणीकडे वाहतो, तिथे दमेकरी किती, हे त्या सूत्राला विचारायचंच नाहीये. झटपट वसुलीसाठी ते ठीक आहे, माझी तक्रार नाही. पण तक्ते नकोत आणि दंड हवा, हे जमत नाही.

आणि 'हे सगळं तिकडचं' असंही नाही. आपल्या खाली सुरतेत 2019 पासून धुळीच्या परवान्यांचा बाजार चालवून पाहिला, तीनशेहून जास्त कारखाने घेऊन, त्यांतल्या सुमारे निम्म्यांवर. एकूण धूळ किती निघावी याला मर्यादा, आणि ज्याने कमी सोडली त्याने उरलेला परवाना विकायचा. त्याचा अभ्यास 2025 साली छापून आला : धूळ 20 ते 30 टक्के घटली, आणि फायदा खर्चाच्या किमान 25 पट. हा 25 चा आकडासुद्धा धोक्याच्या मूल्यावरच उभा आहे. तिथे मजुरीची पद्धत लावली असती तर तो बराच खाली आला असता. आणि धूळ तर तेवढीच घटली असती.

तेव्हा अपमानाबद्दल. मजुरीच्या हिशेबात तुमच्या आईंना शून्य लागलं तो अपमान होता, आणि तो मी केला. त्याबद्दल माफी मागतो, त्यांनाही सांगा. रुपये लावले म्हणून मात्र मी माफी मागणार नाही.

तक्ता काल रात्री नव्याने मांडला. गल्लीतलं प्रत्येक माणूस सारखं धरलं, दिल्लीचा 13 लाखांचा आकडा महागाई धरून वापरला, व्याजाचे दोन्ही दर शेजारी शेजारी ठेवले. 3 टक्क्यांनी स्क्रबर आरामात परवडतो, 10 टक्क्यांनीही थोडक्यात परवडतो. जुना तक्ता खोडलेला नाही, खाली तसाच ठेवलाय. एक रकाना अजून कच्चा आहे, दम्याच्या औषधांचा. तिथे मी अंदाजानेच आकडा टाकलाय. आईंचा पंप महिन्याला किती लागतो आणि पावसाळ्यात डॉक्टरांकडे किती फेऱ्या होतात हे तुम्ही लिहून ठेवलं असेल तर मला कळवा. नाव कुठेही येणार नाही.