शेवटची बोरिवली ते पहिली विरार

मुंबई कधी झोपत नाही असं म्हणणारा माणूस स्वतः साडेअकरालाच झोपत असणार. मुंबई झोपते. चर्चगेटहून एकच्या सुमारास शेवटची बोरिवली लोकल गेली की तिचा डोळा लागतो, आणि सव्वाचारच्या सुमारास पहिली विरार निघते तेव्हा उघडतो. मध्य रेल्वेवाल्यांचे हाल आणखी वेगळे. कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या गाड्या सीएसएमटीहून बारा-सव्वाबारालाच सुटतात. बाराच्या ठोक्याला केक कापायची पद्धत ज्याने पाडली, तो डोंबिवलीचा नव्हता एवढं नक्की.

रात्रीच्या मुंबईवर माझं प्रेम आहे, म्हणजे खरं तर या सव्वातीन तासांच्या फटीवर. त्याचं मूळ काव्यात नाही, भाड्यात आहे. चर्चगेट-बोरिवली सेकंड क्लासचं तिकीट 15 रुपये. टॅक्सीचं मीटर 31 रुपयांनी पडतं, पुढे किलोमीटरला वीसेक रुपये, आणि मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत हे सगळं सव्वापट. पस्तीस किलोमीटरचे सरकारी दराच्या कार्डाप्रमाणे साधारण नऊशे होतात. कार्डाप्रमाणे, हा शब्द पुन्हा वाचावा. रिक्षा माहीम-सायनच्या खाली, म्हणजे दक्षिण मुंबईत, येतच नाही. तेव्हा 885 रुपये वाचवायला माणूस समुद्राकडे बघत बसतो आणि त्याला नाइटलाइफ म्हणतो.

फलाटावरच बसू म्हणाल, तर तिथेही गणित आहे. लोकलचं तिकीट काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो, म्हणजे एकला काढलेलं तिकीट सव्वाचारला रद्दी. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांचं, पण चालतं दोन तास. कागदोपत्री दोन तिकिटांत रात्र निघते. प्रत्यक्षात शेवटची गाडी गेली की काठी आपटत कोणीतरी येतं आणि बाहेरचा रस्ता दाखवतं.

म्हणून मरीन ड्राइव्ह. कठड्यावर बसण्याआधी वर्तमानपत्र अंथरा, कारण खारा दमटपणा पँटीतून आत येतो आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या नकाशाच्या रूपाने प्रकट होतो. कठड्याला पाठ नाही, त्यामुळे दर वीस मिनिटांनी कुशी बदलाव्यात तशी दिशा बदलावी लागते: आधी समुद्राकडे तोंड, मग रस्त्याकडे. पावसाळ्यात भरतीची वेळ बघूनच जा. साडेचार मीटरच्या वरची भरती कठडा ओलांडून भेटायला येते. दिवे मात्र पिवळसरच हवेत. 2015 मध्ये इथे पांढरे एलईडी लावले तेव्हा क्वीन्स नेकलेसची, म्हणजे इथल्या दिव्यांच्या माळेची, ट्यूबलाइट झाली म्हणून लोकांनी एवढी ओरड केली, की शेवटी पुन्हा पिवळसर छटा आणावी लागली. या शहराने एकमताने केलेल्या मोजक्या मागण्यांपैकी ही एक.

मग येतो सायकलवरचा चहावाला. हँडलला दोन स्टीलचे कॅन, एकात चहा, दुसऱ्यात कॉफी. कॉफी मागा, चहा मागा, कपात पडतं ते एकाच रंगाचं आणि साधारण एकाच चवीचं. फरक त्याच्या हाकेत असतो. कप एवढासा, साखर आधीच ढवळलेली, ‘कम शक्कर’ वगैरे लाड नाहीत. पण चौथ्या कपापाशी खरा प्रश्न उभा राहतो. राज्यात 2017 च्या कायद्याने दुकानं चोवीस तास उघडी ठेवता येतात, पण ती दुकानं आपल्या काय कामाची? हवी असते ती मुतारी, आणि नेमकी तिलाच कुलूप. तेव्हा चहाचा हिशेब रुपयांत न करता पेट्रोल पंप किती लांब आहे त्यात करावा. पंपावरचं स्वच्छतागृह वापरायला पेट्रोल भरावं लागत नाही. किल्ली मागताना चेहरा मात्र गाडीवाल्याचा ठेवावा.

भुकेला उपाय एकच, भुर्जीची गाडी. उलथन्याचा टणटणाट दोन गल्ल्या आधीच ऐकू येतो. आधी तेलात कांदा-मिरची, तो गुलाबी झाला की टोमॅटो, हळद, तिखट, पावभाजी मसाला, आणि मग दोन अंडी फोडून हात न थांबवता चेचणं. हात थांबला की भुर्जीचं ऑम्लेट होतं आणि गिऱ्हाईक बायकोच्या आवाजात बोलू लागतं. साडेबाराच्या आत खा. नंतर तव्याच्या कडेला आधीच्या वीस प्लेटींचा मसाला साचलेला असतो, प्रत्येक नवी भुर्जी तो पुसून घेते आणि दीड वाजता तुमच्या पुढ्यात अरबी समुद्र येतो.

दीड वाजता पोलीसही येतात. इथे एक माहिती उपयोगी आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 122 सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद रीतीने सापडणाऱ्यांसाठी आहे. या कलमाखाली रात्री दीडला रस्त्यावर सापडलेल्या एका तरुणाला 2022 मध्ये गिरगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी निर्दोष सोडलं. मुंबईसारख्या शहरात दीड म्हणजे फार उशीर नव्हे, असं त्यांचं म्हणणं. ते माझंही मत आहे, पण हवालदारासमोर ते मांडू नये. ‘पहिल्या गाडीची वाट बघतोय साहेब’ एवढं पुरतं. तोही बहुधा त्याच गाडीने जाणार असतो.

कुत्र्यांना हा निकाल लागू नाही. तिथे धावायचं नाही आणि बिस्किट दाखवायचं नाही. एकाला दाखवलं की गल्ली बोलावली जाते.

सव्वाचारला गाडीत खिडकी मिळते. वाटेत दादरला फुलबाजार जागा झालेला असतो, झेंडूच्या टोपल्या डोक्यांवरून पळत असतात, आणि उतरून बघू असं ठरवता ठरवता डोळा लागतो. स्लो गाडी, समोर रिकामी सीट, पाय वर. बोरिवलीचं तिकीट खिशात आणि जाग विरारला. हरकत नाही, तीच गाडी परत जाणार, उतरायचंही कारण नाही. पण तोवर सहा वाजत आलेले असतात, डबा दारापर्यंत भरलेला असतो आणि गाडी आता फास्ट झालेली असते. विरारच्या फास्टमधून बोरिवलीला उतरू बघणाऱ्याचं काय होतं हे पश्चिम रेल्वेवर कोणाला सांगायला नको. ‘आता थेट अंधेरीला उतरा,’ दारातला माणूस मागे न बघता सांगतो. अंधेरीलाही जमत नाही. दादरला गर्दीच उतरवते, फुलांच्या बाजूला.