आधी टायर बघा, मग फोर बाय फोर

गावाकडे गाडी चालवणाऱ्याला फोर बाय फोरशिवाय, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या गाडीशिवाय पर्याय नाही, असं एका लेखात वाचलं; ते मला पटलं नाही. आमची शेती इंदूरजवळ, सांवेरच्या बाजूला. माळव्यातली काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत घट्ट बसते आणि टायर पार गुळगुळीत होतो. मग दोन चाकं फिरवा नाहीतर चारही, साधे रस्त्याचे टायर असतील तर गाडी रुततेच. तिथे चिखलासाठीचे खोल खाचांचे मड टायर हवेत, नाहीतर सरळ ट्रॅक्टर बोलवावा.

२००० पासून ग्रामसडक योजनेतून पक्के रस्ते गावोगावी पोचले. अडचण उरते ती शेतात जाणाऱ्या शेवटच्या तुकड्याची. त्याला उंच गाडी लागते, आणि बोलेरो मागच्या दोन चाकांवरच तिथवर जाते. बोलेरो निओच्या एका वरच्या मॉडेलमध्ये आपोआप लॉक होणारा डिफरन्शियलही (दोन चाकांत इंजिनचा जोर वाटणारा भाग) मिळतो. एक चाक नुसतंच फिरायला लागलं की तो दुसऱ्यालाही जोर देतो. बहुतेकांना एवढं पुष्कळ झालं.

इंदूरजवळच्या चोरल किंवा जानापावच्या डोंगरांकडे कच्च्या चढांवर ज्यांचं रोजचं जाणं-येणं असेल त्यांनी फोर बाय फोर थार किंवा जिम्नी जरूर घ्यावी. फक्त कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून ठेवू नका, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल या गाड्यांत नसल्याने सगळा ताण गिअरच्या भागांवर येतो.

आणि कळकळीने सांगतो, रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर कुठलीही गाडी घालू नका. फूट-दीड फूट वाहतं पाणीही गाडी उचलतं, मग चारही चाकं फिरून काही उपयोग नसतो.