पुन्हा तोच निळा पडदा

खानापूरहून भाच्याचा फोन. "मामा, लॅपटॉप निळा झालाय, 48 आकडे मागतोय!" यंदाची तिसरी खेप. दर वेळी हा पठ्ठ्या बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट करतो, आणि बिटलॉकरला, म्हणजे ड्राइव्हला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीला, वाटतं मशीनशी कुणी खेळ केलाय. रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडणारे ते 48 आकडे, कुठाय? "जुन्या ईमेलला असंल, बगतो." बघ बाबा!

मागं शहापुरातल्या एका दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, हे बिटलॉकर बंदच करून टाका. बंद करायचं म्हणजे सबंध ड्राइव्ह उलगडत बसायचं. टक्के मुंगीच्या पावलानं सरकत होते, 63 वर लाइट गेली, पाठोपाठ बॅटरीही. (लाइट आल्यावर तिथूनच पुढं सुरू झालं, तेवढं नशीब.) आठवड्यात साहेबांनी परत चालू केलं, कारण कुणीतरी मित्र 'सेफ्टी' म्हणाला.

अरे, अपडेटच्या आधी नुसतं सस्पेंड करायचं असतं, म्हणजे तात्पुरतं थांबवायचं! कुलूप तसंच राहतं, किल्ली तेवढी दाराला लटकवून ठेवायची. मराठीत सांगून झालं, कन्नडात सांगून झालं. शेवटी मीच तो नंबर त्याच्या वहीत लिहून दिला, सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकेक तपासून.

आता म्हणतो, वही रद्दीत गेली.