चपला बाहेर, इंग्रजी आत

ठाण्यातल्या मराठी शाळेत तुम्ही आठवी-नववीला इंग्रजी शिकवत असाल आणि शाळेला नुकताच संगणक कक्ष मिळाला असेल, तर आधी त्याला कुलूप घाला. किल्ली शिपाईमामांकडे ठेवा. ज्या वारी तुमचा तास, त्याच वारी मामा रजेवर, हे जमवता आलं तर उत्तम.

दार उघडावंच लागलं तर चपला बाहेर काढायला लावा. ६० मुलांच्या ६० जोड्या ओळीत लागेपर्यंत ३५ मिनिटांच्या तासातली १५ जातात. मग १२ संगणक सुरू करायचे. ९ होतात. हेडफोनचं सील फोडू नका, तपासणीला नवे दिसायला हवेत.

आता खरा धोका. एका संगणकापुढे सहासात जण कोंबले की कुजबुज सुरू होते. "ए, हॅज नाही, हॅव येतं!" "का पण?" "पुढे 'दे' आहे ना, येड्या!" ही मुलं तुम्हाला न विचारता व्याकरण सोडवताहेत. लगेच टेबलावर डस्टर आपटा. भाषा शिकताना तोंड बंदच हवं.

सॉफ्टवेअर 'रिकाम्या जागा भरा'वालंच घ्या. इलिनॉय विद्यापीठाने १९६० साली 'प्लेटो' नावाच्या यंत्रणेतून संगणकावर शिकवायला सुरुवात केली, तेव्हाही यंत्र प्रश्न विचारायचं आणि उत्तर तपासायचं. एवढी जुनी परंपरा आपण कशाला मोडा! उत्तर चुकलं की 'टुंग' वाजतं. का चुकलं, हे आमचं यंत्र सांगत नाही. तुम्हीही सांगू नका. लंडनमध्ये रस्ता कसा विचारावा, हा धडा अवश्य घ्या. तलावपाळीवरून स्टेशनला कसं जायचं, हे मात्र चुकूनही विचारू नका. ते त्यांना ठाऊक असतं, म्हणजे बोलतील.

निबंध वर्डमध्ये टाइप करून घ्या. आमच्याकडे एकीच्या 'कळवा'खाली लाल नागमोडी रेघ आली. "बाई, मी राहते तेच चुकलंय." मी म्हटलं, खोड.

आणि मधल्या सुट्टीत जिन्याखाली तो मागच्या बाकावरचा सापडेल, मोबाइलवर गेम खेळत, कुठल्याशा परराज्यातल्या अनोळखी पोराशी ओरडून बोलताना: "डोन्ट गो देअर! वेट फॉर मी, आय ॲम कमिंग फ्रॉम द लेफ्ट!" फोन जप्त करा, पालकांना बोलवा. तोंडी परीक्षेत काठावर पास करून प्रगतिपुस्तकात शेरा लिहा: इंग्रजी बोलत नाही.