नुसतं आधार दाखवून मत देता येत नाही

निवडणूक लागली की एक मेसेज हमखास फिरतो: “यादीत नाव नसेल तर कलम ४९-ए खाली आधार दाखवा आणि ‘चॅलेंज व्होट’ मागा. तुमच्या नावावर कुणी आधीच मत दिलं असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा. एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट पडले तर फेरमतदान होतं.” कृपा करून हा पुढे पाठवू नका.

आधार तुम्ही कोण आहात एवढंच सांगतं. मताचा हक्क यादीतल्या नावामुळे मिळतो. नाव नसेल तर आयोगाने दिलेलं मतदार ओळखपत्रसुद्धा उपयोगाचं नाही. आमच्या मामी घर बदलल्यावर हेच कार्ड घेऊन भर उन्हात रांगेत उभ्या राहिल्या आणि रडकुंडीला येऊन परतल्या.

४९-ए नावाचा नियम आहे, १९६१ च्या निवडणूक नियमांत, पण तो मतदान यंत्राच्या रचनेबद्दल. आणि चॅलेंज मतदार करत नाही, मतदाराला केलं जातं! समोरचा माणूस खरा मतदार नाही असा संशय आला, तर पक्षाचा पोलिंग एजंट दोन रुपये भरून आक्षेप घेतो आणि केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करून निकाल देतात.

टेंडर व्होटचं मात्र खरं आहे. नियम ४९-पी. ओळखीबद्दलच्या प्रश्नांना नीट उत्तरं दिलीत तर यंत्राऐवजी कागदी मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या पाकिटात ठेवतात, नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. तरीही मागाच. निकाल कोर्टात गेला तर ती मतपत्रिका पुरावा ठरू शकते. १४ टक्क्यांचा नियम मात्र कुठेच नाही.

या मेसेजपायी खरी उपयोगाची माहिती मागे पडते. नाव यादीत आहे, पण मतदार कार्ड हरवलंय? लोकसभा-विधानसभेला आयोग आणखी १२ कागदपत्रं मान्य करतो: आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, बँक किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, फोटोसह पेन्शनची कागदपत्रं, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड वगैरे. गावाकडे बरेच जण रेशन कार्ड घेऊन निघतात. ते या यादीत नाही. घरी येणारी मतदार चिठ्ठीही ओळखीचा पुरावा नाही. परदेशी राहून इथे नाव नोंदवलेल्यांना मूळ पासपोर्टच लागतो.

नाव तपासायला १९५० वर फोन करा, नसेल तर नमुना ६ भरा, आणि तो आत्ताच भरा. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते.